शेजारच्या प्लॉटवर मोठी बिल्डिंग येतेय? सांगलीत हरकत घ्यायची तर अशी घ्या

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बहुतेक कॉलन्या इथंच चुकतात. आपल्याकडं एखाद्या बिल्डिंगला बांधकाम परवाना देताना शेजाऱ्यांची सुनावणी घ्यायची अशी तरतूदच नाही. जागा त्याची, झोन रहिवासी, प्लॅन नियमात, की परवाना मिळतो. त्यामुळं "आम्हाला कुणी विचारलं नाही" किंवा "इथं सगळे बंगले आहेत, इथं सात मजली नको" असं लिहून गल्लीभर सह्या गोळा करून दिल्या तरी ते पत्र फायलीला लागतं आणि विषय तिथंच संपतो. हरकत टिकते ती नियम नेमका कुठं मोडलाय ते कागदावर दाखवलं तर, आणि तेही जोतं वर यायच्या आत.

जोत्याच्या आत असं का म्हणतोय तेही सांगतो. नगररचना कायदा म्हणजे एमआरटीपी १९६६, त्याच्या कलम ५१ खाली दिलेला परवाना रद्द करता येतो, पण काम बरंच पुढं गेलं असेल तर त्या कलमाचा उपयोग होत नाही. लोक काय करतात, पत्रे ठोकले, जेसीबी आला, तरी बघू म्हणतात, दुसरा स्लॅब पडला की मग मीटिंग बोलवतात. तोवर निम्मे फ्लॅट बुक झालेले असतात आणि त्या घेणाऱ्यांचा तर काहीच दोष नसतो.

दुसरं, मीटिंगमध्ये पहिल्यांदा एकमेकांना खरं विचारा की आपला विरोध नक्की कशाला आहे. "कसली कसली माणसं येतील राहायला", "भाडेकरू भरतील", अमक्या जातीचे तमक्या धर्माचे येतील, हे जर मनात असेल तर कृपा करून थांबा. त्याला कायद्यात जागा नाही आणि माणुसकीतही नाही. सांगलीत भाड्यानं राहणाऱ्या माणसाला परवडणारं घर मिळणं किती अवघड झालंय हे आपल्याला दिसतंय, नवीन घरं झालीच पाहिजेत. प्रश्न एवढाच की ती झाल्यावर पाणी कुठं जाणार, ड्रेनेज कुठं जोडणार, गाड्या कुठं लागणार. विरोध तेवढ्यापुरता ठेवला तर ऑफिसातला माणूसही नीट ऐकतो, हे मी स्वतः बघितलंय.

आता कागद. प्लॉटचा सिटी सर्व्हे नंबर किंवा सर्व्हे नंबर काढा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड ऑनलाइन निघतं. मग नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे डीपीचा (शहराच्या विकास आराखड्याचा) त्या जागेपुरता नकाशा मागा, त्यावर कळतं की जागा रहिवासी झोनमध्ये आहे की काही आरक्षण आहे, डीपी रस्ता जातो का, नाला दाखवलाय का. इथं एक फाटा फुटतो तो लक्षात ठेवा. जागेवरचं आरक्षण उठवायचं किंवा झोन बदलायचा प्रस्ताव असेल तर त्याच एमआरटीपी कायद्याचं कलम ३७ लागतं, त्याची जाहीर नोटीस पेपरात येते आणि ३० दिवसांत हरकत घेता येते, तिथं मात्र तुम्हाला सुनावणीचा हक्क आहे, तो सोडू नका. त्या नोटिसा बारीक टायपात आतल्या पानावर असतात, म्हणून कॉलनीतल्या एका रिटायर्ड माणसाकडं रोजचा पेपर चाळायचं काम देऊन टाका.

जुन्या लेआउटमधला खुला भूखंड असेल तर तो वेगळा आणि जास्त गंभीर विषय. मूळ मंजूर रेखांकनाची (लेआउटच्या नकाशाची) नक्कल काढल्याशिवाय त्यावर एक शब्दही बोलू नका, कारण "इथं गार्डन होणार होतं" असं सगळेच सांगतात आणि नकाशात तो प्लॉट पहिल्यापासून विक्रीचाच निघतो.

बिल्डिंग मोठी असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर प्रोजेक्टचं नाव टाका. जागा ५०० चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅटही ८ पेक्षा जास्त असतील तर नोंदणी लागतेच, आणि तिथं परवाना, मजले, फ्लॅटची संख्या असं बरंच काही घरबसल्या बघायला मिळतं. महारेरा मुळात घर घेणाऱ्यांसाठी आहे, शेजाऱ्याच्या पाण्याच्या तक्रारीला तिथं फारसा उपयोग नाही, पण माहितीसाठी सोन्यासारखी जागा आहे.

जे तिथं मिळत नाही ते माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, आणि महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज १५० शब्दांच्या आत. लोक चार पानं लिहितात, बिल्डरचा इतिहास लिहितात, मग अर्ज परत येतो. एवढंच लिहा: अमुक सर्व्हे नंबरवरील मंजूर बांधकाम नकाशा, बांधकाम परवाना, त्यातील अटी व शर्ती, रस्त्याच्या रुंदीबाबतचा अहवाल आणि पूररेषेबाबतचा जलसंपदा विभागाचा दाखला यांच्या प्रती मिळाव्यात. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. अर्जातच "फाइल पाहणीची संधी मिळावी" हेही टाका, कारण फाइल समोर बसून बघण्यात जे कळतं ते झेरॉक्समध्ये कळत नाही.

नकाशा हातात आला की पहिल्यांदा रस्ता बघा. २०२० च्या डिसेंबरपासून आपल्याकडं युडीसीपीआर म्हणजे एकत्रित नियमावली लागू आहे आणि त्यात किती बांधता येणार हे बरंचसं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता ९ मीटरच्या आत असेल तर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) मिळत नाही, म्हणजे मजले आपोआप कमी होतात. त्यामुळं टेप घेऊन रस्ता मोजा, नुसता डांबरी भाग नाही, या कंपाउंडपासून त्या कंपाउंडपर्यंत, कोपऱ्यावर, मध्ये आणि मेन रोडला मिळतो तिथं, टेप धरलेले फोटो काढा, आकडे वहीत लिहून जे हजर होते त्यांच्या सह्या घ्या. नकाशात ९ मीटर लिहिलंय आणि जागेवर साडेसातच भरतोय असं निघालं तर तो तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. चुकीची माहिती देऊन परवाना घेतला असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली आयुक्तांना तो रद्द करता येतो. फक्त डीपीमध्ये तो रस्ता रुंद होणार असं दाखवलं असेल तर गणित बदलतं, म्हणून भाग नकाशा आधी बघा म्हटलं.

आता पाणी. सांगलीत राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही, तरी सांगतो, कारण हरकतीत लोक नेमकं हेच ढोबळ लिहितात. आपल्याकडं पूर नुसता नदीकाठावरून येत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची, आणि नदी फुगली की जे नाले आणि ओत एरवी पावसाचं पाणी नदीला नेतात तेच उलटे भरून गावात येतात. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा बघितलंय आपण, २०१९ ला तर आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आणि शामरावनगरसारख्या भागात तर पूर यायचीही गरज नाही, काळी माती, सखल जागा, नुसत्या पावसानं पाणी साचून राहतं. अशा ठिकाणी नवीन स्कीम येते तेव्हा प्लॉटवर चार-पाच फूट मुरमाचा भराव पडतो, त्यांचं पार्किंग कोरडं राहतं आणि शेजारचे वीस-तीस वर्षं जुने बंगले खड्ड्यात जातात. पहिल्या पावसाला पाणी कंपाउंडखालून आत येतं, देव्हाऱ्याच्या फरशीतून पाझरतं. ज्याच्या घरात असं झालंय त्यालाच माहिती की आयुष्यभराच्या कमाईचं घर डोळ्यांदेखत ओल धरताना बघणं काय असतं. म्हणून या मुद्द्यावर मला अजिबात तडजोड मान्य नाही.

तर हरकतीत काय मागायचं? जलसंपदा विभागाच्या पूररेषा नकाशावर प्लॉट कुठं पडतो ते मागा. त्यावर दोन रेषा असतात, नदीजवळची निळी आणि तिच्या बाहेरची, जास्त मोठ्या पुराची, लाल. नदी आणि निळ्या रेषेच्या मधला पट्टा नवीन बांधकामाला प्रतिबंधित आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर लागतं. आता बघा, हाच नियम भरावाला निमित्त होतो, म्हणून तुमची मागणी "भराव नको" अशी ठेवू नका. जोतं उंच असू दे, बिल्डिंग खांबांवर उभी राहू दे, पण मोकळ्या जागेची पातळी वाढवून पाणी आमच्याकडं ढकलू नका, आणि प्लॉटमधून जाणारा ओत किंवा नाला बुजवू नका, अशी मागणी करा. सोबत पुरावा द्या. तुमच्या भिंतीवर २०१९ ची पाण्याची खूण असेलच, तिथं टेप लावून फोटो काढा. मनपानं किंवा तलाठ्यानं केलेला पंचनामा असेल तर त्याची झेरॉक्स लावा. जुन्या नकाशावर नाला दिसत असेल तर तो भाग लाल पेनानं गोल करा.

पत्र आयुक्तांच्या नावानं, प्रत नगररचना विभागाला आणि तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकांना. दोन पानांच्या वर नको. माझ्या मते मुद्दे असे लिहावेत:

"सर्व्हे नं. ... येथील मंजूर नकाशात रस्त्याची रुंदी ९ मी. दाखवली असून प्रत्यक्ष मोजणीत ती ... मी. भरते, फोटो जोडले आहेत. सदर जागेतून पूर्वापार नाला वाहतो, तो भराव टाकून बंद करण्याचे काम सुरू आहे. तरी जागेची संयुक्त पाहणी आमच्या उपस्थितीत करावी, तोपर्यंत भरावाचे काम थांबवावे व केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर मिळावे."

"संयुक्त पाहणी" आणि "लेखी उत्तर" हे दोन शब्द नक्की घाला. पत्र बारनिशीत द्या, पोच घ्या, शिक्का आणि आवक नंबर आपल्या प्रतीवर दिसलाच पाहिजे. साहेबांच्या हातात देऊन फोटो काढला म्हणजे पत्र दिलं असं होत नाही.

उत्तर नाही आलं तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन आहे, पण तिथं वैयक्तिक तक्रारच घेतात, कॉलनीचं सामूहिक निवेदन परत करतात, म्हणून ज्याच्या घरात पाणी शिरणार आहे त्यानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा, तोही आधीच देऊन ठेवायचा असतो. झाडं तोडणार असतील तर त्याची नोटीस झाडावर लागते, तिचा फोटो काढा आणि मुदतीत वृक्ष अधिकाऱ्याकडं हरकत द्या, मुदत फार कमी असते. २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असलेला प्रकल्प असेल तर पर्यावरण मंजुरीही लागते, ती आहे का विचारा.

काही गोष्टी करू नका. ट्रक अडवू नका, कामगारांना दम देऊ नका, ते बिचारे पोटासाठी आलेत, आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. २६ जानेवारीला आत्मदहनाचा इशारा वगैरे पत्र अजिबात देऊ नका, पोलीस नोटीस तेवढी येते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर "अमक्यानं पैसे खाल्ले" लिहू नका, पुरावा नसताना तो स्क्रीनशॉट तुमच्याच विरोधात वापरला जातो. आणि बिल्डरचा माणूस "काका, नुसती सही करा, फॉर्मॅलिटी आहे" म्हणत ना हरकतीचा कागद घेऊन आला तर सही नाही, आधी झेरॉक्स ठेवून घ्या, घरच्यांना वाचून दाखवा.

बिल्डरशी बोलणं मात्र सोडू नका. माझा अनुभव असा की पत्राची पोच हातात असली की बोलणं बरं होतं. आमच्या मागच्या गल्लीत असंच बसून ठरलं, बिल्डरनं स्वतःच्या खर्चानं आरसीसी गटर मेन लाइनपर्यंत नेली, आणि बिल्डिंग झाली, आज तिथली पोरं आमच्याच पोरांबरोबर क्रिकेट खेळतात. जे ठरेल ते पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर घ्या: गटर कुठून कुठं, कधीपर्यंत, खोदाईत आमच्या भिंतीला तडा गेला तर दुरुस्ती कुणी करायची. खोदाई सुरू व्हायच्या आत आपल्या घराच्या प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो काढून ठेवा, काळ्या मातीत शेजारी खोल खड्डा पडला की भेगा येतात आणि मग त्या जुन्याच होत्या असं सांगितलं जातं.

कोर्ट शेवटी. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय, सांगली त्यातच येते, त्यामुळं मुंबईची वारी वाचली. पण वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की महापालिकेला लेखी कधी कळवलं, तेव्हा वरची सगळी कागदपत्रं तारखेप्रमाणं एका फायलीत लावलेली असू द्या. नाला बुजवणं, नदीपात्रात भराव असले विषय पुण्याच्या हरित लवादाकडंही नेता येतात, तिथं मुदत साधारण सहा महिन्यांची आहे, उशीर करू नका.

आणि बिल्डिंग उभी राहिलीच तरी फाइल बंद करू नका. भोगवटा प्रमाणपत्र द्यायच्या आधी परवान्यातल्या अटी पूर्ण झाल्या का ते महापालिकेनं बघायचं असतं. शेवटचा स्लॅब पडला की पुन्हा एक पत्र द्या, त्यात परवान्यातल्या गटरच्या, पार्किंगच्या आणि मोकळ्या जागेच्या अटींचे नंबर टाका, आणि त्या अटींची जागेवर पाहणी झाल्याशिवाय भोगवटा देऊ नये एवढंच लिहा. पोच घ्यायची विसरू नका.