रेघ ओढलीत, तर शेजारी काहीतरी लिहा

हायलायटरने पान रंगतं, पण वाचन तपासून होतंच असं नाही. त्यापेक्षा पेन्सिल घ्या आणि एक अट घाला: ओळीखाली रेघ ओढली, तर समासात दोन-चार शब्द लिहायचेच. सुचत नसेल तर रेघ खोडा.

आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. समजा, एखाद्या लेखात वाक्य आलं, ‘निर्यातबंदीमुळे लासलगावात भाव कोसळले.’ समासात लिहा: कोणत्या तारखेचा भाव? किमान, कमाल की सरासरी? त्या आठवड्यात आवक किती? डिसेंबरात लाल कांदा बाजारात येतोच, म्हणजे भाव उतरायला दुसरंही कारण असू शकतं. लेखकाने ते तपासलंय का? कदाचित त्याचं म्हणणं बरोबरच असेल. पण आता तुम्ही ते पुरावा मागून मान्य कराल. माझ्या मते सगळी मेहनत इथेच घालावी. बाकी रंगांच्या पद्धती वगैरे हौसेचा मामला.

खुणा तीनच पुरेत: दाव्याला ‘दा’, पुराव्याला ‘पु’, नुसत्या मताला ‘म’. पानभर ‘दा’ आणि ‘पु’ एखादाच, असं दिसलं की परीक्षेच्या उत्तरात तेवढंच नेमकं मांडता येतं.

पुस्तक १८४० सालापासूनच्या आपल्या सार्वजनिक वाचनालयातलं असेल, तर मात्र त्यावर पेन्सिलही नको. कागदाच्या पट्ट्यांवर पान क्रमांकासह टिपा लिहा आणि पुस्तक परत करताना पट्ट्या आठवणीने काढून घ्या.