फणस फोडायच्या आधी माणसं मोजा

अख्खा फणस घरी आणायचा तर आधी माणसं मोजायची, भाव नंतर विचारायचा. मागच्या मे महिन्यात नऊ किलोचा कापा फणस आणला होता. फोडून झाल्यावर सहज वजन केलं: गरे तीन किलोला थोडे कमी, आठळ्या पाऊण किलो, बाकी सगळं चारखंड (आमच्याकडे काटेरी सालीला चारखंडच म्हणतात), मधला दांडा आणि गऱ्यांभोवतीची पाती. आम्ही घरात तिघं. राजापूरला आईकडे फणस फुटला की वासावर वाडीतली पोरं जमतात आणि चारखंड गाईपुढे पडतं. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर गाय कुठून आणणार? म्हणून मी दोन शेजारणींना आदल्या दिवशी विचारून ठेवते, "उद्या फोडतेय, घ्याल ना?" होकार आला तरच अख्खा फणस. नाहीतर सरळ पाव किलो गरे आणावेत, त्यात कमीपणा नाही. फक्त ते समोर सोललेले घ्या. पिशवीच्या तळाला पाणी सुटलेलं असेल किंवा गऱ्यांच्या कडा तपकिरी झालेल्या असतील तर पुढे चला.

विकणाऱ्याला पहिलं विचारायचं, "कापा की बरका?" कापा चावून खायचा, बरका गिळायचा. काप्याचे गरे करकरीत आणि सुटे, बरक्याचे मऊ, रसाळ, हातातून निसटणारे. माझा नवरा साताऱ्याचा. लग्नानंतर पहिल्या वर्षी आईने कौतुकाने बरका वाढला आणि तो बिचारा अर्धा तास एक गरा चावत बसला होता. नुसता खायचा तर कापा घ्या. सांदणं (फणसाच्या रसातल्या वाफवलेल्या गोड इडल्या) आणि फणसपोळीसाठी मात्र बरकाच हवा, तिथे काप्याचं काही चालत नाही.

फणस तयार आहे का हे बघायचं तर रंगावर जाऊ नका. काटे बघा. कोवळ्या फणसाचे काटे टोकदार आणि एकमेकांना चिकटून असतात, तयार फणसाचे बोथट होतात आणि त्यांच्यात अंतर पडतं. मग बोटांनी वाजवा. कच्चा टणक वाजतो, तयार झालेला बद्द, पोकळ. झाडावरून उतरवायचा असेल तर देठाजवळचं पान पिवळं पडलंय का, हेही आई बघते. बाजारात ते पान कुठून मिळणार! वास मात्र मिळतो. नाक देठाशी न्या. वास नुसता जाणवत असेल तर दोन-तीन दिवस हातात आहेत. गाडीपाशी उभं राहूनच घमघमाट येत असेल तर आजच फोडावा लागेल. वटपौर्णिमेच्या वाणाला गरे हवे असतील तर दोन दिवस आधी घ्या, आदल्या संध्याकाळी भाव ऐकवत नाही.

अख्खा फणस फ्रिजमध्ये कोंबू नका. मावत तर नाहीच, पण अर्धा कच्चा फणस थंडीत नीट पिकत नाही, आतून काळपट पडतो. पोत्यावर, वाऱ्याच्या जागी ठेवा आणि रोज एकदा दाबून बघा. बरका वरूनच मऊ लागायला लागतो. कापा पिकला तरी वरून बऱ्यापैकी घट्ट राहतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत नाकावरच भरवसा ठेवायचा.

आता फोडणं. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरा, एकावर एक चार तरी. हाताला मनगटाच्या वरपर्यंत खोबरेल तेल चोळा. विळीच्या पात्याला किंवा मोठ्या सुरीलाही तेल लावा. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. (माझ्या मोबाईलच्या कव्हरवर अजून एक काळा ठिपका आहे, तो असाच.) फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाने सुटतो. आमच्या साताऱ्याच्या माणसाने एकदा चिकाचा हात थेट नळाखाली धरला आणि वर साबण चोळला. नळाची तोटी, साबणाची वडी, टॉवेल, सगळं चिकट झालं.

देठ कापून फणस पाच मिनिटं तसाच ठेवा, चीक गळू द्या. मग देठापासून खालपर्यंत उभा चिरा. मधल्या पांढऱ्या दांड्यातून चीक येत राहतो. आई एक बारीक काठी घेऊन तो चीक तिच्यावर गुंडाळत जाते, काठी फिरवत, धागा गुंडाळावा तशी. शेवटी टोकाला लिंबाएवढा गोळा जमतो. मी घरी काठीऐवजी रद्दी कागदाचे बोळे वापरते. चीक पुसला की दांडा तिरपी सुरी घालून काढून टाका. मग अर्ध्या भागाच्या दोन्ही कडा धरून तो बाहेरच्या बाजूला उलटा वाकवा. गरे आपसूक वर येतात, एकेक ओढून घ्यायचे. बरक्याला तर सुरीही लागत नाही, हातानेच उकलतो. शेवटी हात कोरड्या कागदाला पुसा, पुन्हा तेल चोळा, पुन्हा पुसा. साबण सगळ्यात शेवटी.

गरे धुवू नका. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले की काप्याचे गरे चार दिवस छान राहतात. झाकण सैल असेल तर सकाळच्या चहालाही फणसाचा वास येईल. बरक्याला तेवढी सवड देऊ नका, तो लवकर आंबतो. 2025 साली केरळात बसचालकांनी पिकलेला फणस खाल्ला आणि ब्रेथलायझरने त्यांना प्यायलेलं ठरवलं, ही बातमी वाचून आमच्याकडे हसून पुरेवाट झाली होती. तेव्हा बरका त्याच दिवशी चाळणीवर घासून रस काढा आणि एका वेळच्या सांदणांना पुरेल एवढा एकेका डब्यात भरून फ्रीझरला टाका. माझं माप असं: एक वाटी तांदळाचा रवा थोड्या तुपावर भाजून, दीड वाटी रस, पाऊण वाटी गूळ, चिमूटभर मीठ. अर्धा तास भिजवायचं आणि वीस मिनिटं वाफवायचं. सोबत नारळाचं दूध हवंच.

काप्याचे गरे फ्रीझरमध्ये ठेवायचे तर आठळ्या काढा, ताटात एकमेकांना न चिकटवता पसरा, दगडासारखे झाले की पिशवीत भरा. नाहीतर सगळ्यांचा मिळून एक गोळा होतो. बाहेर काढल्यावर करकरीतपणा थोडा जातो, म्हणून आम्ही अर्धवट वितळलेलेच खातो.

भाजीची कुयरी, म्हणजे कोवळा फणस, मिळते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिलाही तेच तेल, तोच कागद. फोडी मिठाच्या पाण्यात टाकत जा, नाहीतर काळ्या पडतात. कुकरला दोन शिट्ट्या काढून, पाणी निथळून, ठेचून फ्रीझरला टाकते. मग पावसात कधीही काढायची, भिजवलेले काळे वाटाणे, सुक्या मिरच्यांची फोडणी आणि वरून मूठभर ओलं खोबरं. आईच्या बरणीत कच्चे गरे मिठात खारवलेले असतात, त्यांची चव वेगळीच. पण ती बरणी आणि तो हात माझ्याकडे नाही.

किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा, फणसात पोटॅशियम बरंच असतं.

आठळ्या फेकू नका. धुवून, पुसून सावलीत दोन दिवस सुकवा, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, दोन आठवडे सहज टिकतात. गावाला त्या लाल मातीत घोळवून ठेवतात आणि श्रावणापर्यंत पुरवतात. मिठाच्या पाण्यात उकडा, नाहीतर भाजा. मात्र भाजण्याआधी प्रत्येकीला सुरीने एक चीर द्या. मी एकदा घाईत तशाच दहा-बारा मायक्रोवेव्हमध्ये टाकल्या. पहिला आवाज झाला तेव्हा शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, "काय गं, कुकर उडाला का?"