बेल्टचा आवाज: नवा बेल्ट घेण्यापूर्वी

पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताच किंचाळली आणि मिनिटभरात शांत झाली, तर दोष बहुधा बेल्टवरच्या ओलीचा असतो. हा बेल्ट इंजिनच्या पुल्यांवरून (चाकांवरून) फिरत अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारे यंत्र, आणि एसी चालवतो. मात्र आवाज रोज येत असेल किंवा एसी लावताच वाढत असेल, तर बॉनेट उघडावे.

इंजिन चालू ठेवून, ओढणी, सैल बाह्या आणि हात बेल्टपासून दूर राखून, फवारणीच्या बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी मारावे. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता जास्त. पाण्याने तो उलट वाढला, तर बेल्ट सैल आहे. आणि काहीच फरक पडला नाही, तर संशय बेअरिंगवर घ्यावा. ही परीक्षा न करता मी एकदा लागोपाठ दोन बेल्ट बदलून घेतले होते. खरा दोष आयडलर पुलीच्या, म्हणजे बेल्टला नुसती दिशा देणाऱ्या पुलीच्या, बेअरिंगचा निघाला.

त्यानंतर इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी आणि बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा फिरतो याचा मोबाईलवर फोटो काढून मगच तो उतरवावा. प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. चांगली पुली गुळगुळीत फिरते, बिघडलेलीची खरखर बोटांना जाणवते किंवा ती डगमगते. बेल्टवर तेल वा कूलंट दिसले, तर आधी गळती थांबवावी, नाहीतर नवा बेल्टही तसाच ओरडेल. हल्लीच्या बेल्टमधल्या ईपीडीएम या कृत्रिम रबराला सहसा भेगा पडत नाहीत, खाचा झिजतात, म्हणून वरून धड दिसणाऱ्या बेल्टवर विसंबू नये. साबण किंवा पावडर चोळण्याचा उपाय टाळावा, कारण त्याने आवाज चार दिवस दबतो आणि रस्त्यावरची धूळ मात्र तिथेच चिकटते.

पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, बेल्ट घ्यायला जाताना जुना सोबत न्यावा. त्यावर ४पीके८९० असे काही छापलेले असते, म्हणजे चार धारा आणि ८९० मिलिमीटर लांबी. आपोआप ताण देणारा टेन्शनर नसेल, तर सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबून बेल्ट साधारण १० मिलिमीटर दबेल एवढाच ताण द्यावा (गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असल्यास तोच पाळावा), कारण जास्त आवळल्यास अल्टरनेटरचे बेअरिंग लवकर जाते. इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्या-मिटण्याचे काम सांभाळणारा टायमिंग बेल्ट ही वेगळी गोष्ट आहे. त्याला घरी हात लावू नये.

बसवल्यावर प्रत्येक धार पुलीच्या खाचेत बसली आहे ना, हे टॉर्च लावून पाहावे, आणि मग एसी व हेडलाइट लावून इंजिन दोन मिनिटे चालवून ऐकावे.