साताऱ्यातनं चंद्रावर: खोटी डॉक्युमेंटरी कशी शूट करायची

गल्लीतली चार माणसं रॉकेट बनवून अवकाशात निघालीत आणि एक कॅमेरावाला ते सगळं खरं धरून शूट करतोय, अशी मॉक्युमेंटरी आम्ही मोबाईलवर केली, आता जो तो कसं केलं विचारतोय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

विनोदी ॲक्टर अजिबात घेऊ नका. आमचे कॅप्टन गिरणीवाले काका, त्यांना एवढंच सांगितलं की हसवायचं नाही, दळणाचा भाव सांगता तसं बोला. तर काका म्हणाले, "पुणं 110 किलोमीटर, अवकाश 100 किलोमीटरवर चालू होतं, जवळ काय पडतं तुम्हीच सांगा, आणि मधी आनेवाडीचा टोलपण नाही." 100 किलोमीटरची कारमान रेषा, म्हणजे अवकाशाची मानलेली हद्द, खरीच आहे हो! आकडा खरा आणि चेहरा गंभीर, सगळी गंमत तिथंच.

डायलॉग लिहू नका, प्रश्न लिहा. एडिटला प्रश्न कापायचा, उत्तर ठेवायचं, आणि उत्तर संपलं तरी पाच सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, कारण माणूस गप्प झाल्यावर "बरोबर बोललो का" असं बघतो ना, लोक तिथंच फुटतात. स्पेस स्टेशन साधारण 400 किलोमीटरवर आहे, तिथं गुरुत्वाकर्षण जवळपास 90 टक्के असतंच, माणसं तरंगतात कारण स्टेशनसकट सतत पडत असतात, हे मी टेलरकाकूंना समजावलं. त्यांचं उत्तर: "म्हणजे सगळ्यांनी मिळून पडायचं, मग कुणाला लागत नाही." असलं लिहून सुचत नाही.

ड्रेस सोपा. चंदेरी रेनकोट, पाठीला फवारणीचा पंप (कोरा घ्या, औषध मारलेला नको), डोक्यावर 20 लिटरचा पाण्याचा जार कापून. जार मागनं मोठा उघडा ठेवा नाहीतर श्वास कोंडतो आणि वाफ धरते ती वेगळीच.

चंद्रावरची चाल मात्र नीट करा. तिथं गुरुत्वाकर्षण आपल्या एक षष्ठांश, म्हणून पडायला सुमारे अडीचपट वेळ लागतो. मोबाईल सेकंदाला 60 फ्रेमवर लावा, एडिटची टाईमलाईन 24 ची ठेवा आणि क्लिपचा स्पीड 40 टक्के करा, बरोबर अडीचपट स्लो होतं. बोलणं यात घेऊ नका, नंतर डब करा, तसंही पठारावरचा वारा माईक खातो.

लोकेशन म्हणजे साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार, मे महिन्यात, उघडा कातळ मिळतो. कासला फुलांच्या सीझनला तर जाऊच नका, 2012 पासून जागतिक वारसा आहे ते, जार घालून फुलं तुडवायची जागा नाही. आणि चाळकेवाडीला फ्रेममध्ये पवनचक्की येणारच, ती लपवत बसू नका, कॅप्टनला विचारा चंद्रावर हे काय. आमचे काका वर बघत म्हणाले, "आपल्या आधी कोणतरी येऊन गेलंय, लाईट बिल वाचवतंय."