दोन डिस्कचा नॅस सोडून चार डिस्कचा घेताना या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत नवा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइल साठवणारा डिस्कचा डबा) लावला, जुन्यातला ४ टीबी डेटा त्यावर ढकलायला घेतला आणि वेग पाहिला: सेकंदाला ११ एमबी. म्हणजे चार दिवस! आधी नव्या डब्याला शिव्या घातल्या, मग डिस्कना. खरा दोषी निघाली टीव्हीमागून गेलेली, कोपऱ्यात दबलेली लॅन केबल. तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात आणि गिगाबिट वेगाला (सेकंदाला हजार मेगाबिट) चारही लागतात. एखादी तुटली की दोन्ही टोकं गुपचूप १०० एमबीपीएसवर (१०० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी) उतरतात. केबल बदलली, वेग ११० वर गेला, काम दहा-साडेदहा तासांवर आलं. तेव्हा आकडा ११-१२ वर अडकला असेल तर आधी केबल बदलून बघा. मग राउटर बघा, कारण स्वस्त राउटरचे मागचे पोर्ट अजूनही १०० चेच असतात. आणि कॉपी थेट नॅसकडून नॅसकडे करा. मध्ये वायफायवरचा लॅपटॉप घातलात तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच. 'जुन्या डिस्क कशाला वाया घालवायच्या' म्हणून लोक त्या नव्या डब्यात खोचतात. कंपनी वेगळी असेल तर नवा नॅस त्या वाचणारच नाही, उलट फॉरमॅट करू का म्हणून विचारेल. तिथे 'हो' दाबलंत की संपलं. कंपनी तीच असेल आणि डिस्क जशाच्या तशा चालू झाल्या, तरी त्यांच्यासोबत जुनी फाइल सिस्टिमही (डिस्कवर फाइल मांडायची पद्धत) येते. जुन्या ईएक्सटी४ पद्धतीची आपोआप नवी बीटीआरएफएस होत नाही. म्हणजे सिनॉलॉजी या कंपनीच्या नॅसवर तरी, ज्या स्नॅपशॉटसाठी (फाइलींची त्या-त्या क्षणाची स्थिती, जिच्यावर परत जाता येतं) नवा नॅस घेतला, तेच मिळत नाहीत. शिवाय हिशोबही आतबट्ट्याचा: ४ टीबीच्या दोन आणि ८ टीबीच्या दोन अशा चार डिस्कचं रेड ५ (RAID, एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशी जोडणी) केलं तर हाती येतात १२ टीबीच. सिनॉलॉजीच्या एसएचआर या स्वतःच्या जोडणीत १६ मिळतात खरे, पण तुमची एकुलती एक दुसरी प्रत तोवर पुसली गेलेली असते.

हार्ड डिस्कवर डेटा लिहिण्याच्या दोन पद्धती असतात, सीएमआर आणि एसएमआर. नव्या डिस्क घेताना सीएमआर आहे ना, हे मॉडेल नंबरवरून तपासा. एसएमआर डिस्क रेडची जोडणी पुन्हा बांधताना फार रखडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या २ ते ६ टीबीच्या 'रेड' (Red) नावाच्या डिस्कमध्येही एसएमआर असल्याचं उघड झालं. सीएमआर हवी असेल तर 'रेड प्लस' बघायची. सिनॉलॉजीने २०२५ च्या 'प्लस' नॅस मॉडेलवर आपल्या यादीतल्याच हार्ड डिस्क वापरण्याचं बंधन घातलं होतं, ते त्याच वर्षी डीएसएम (सिनॉलॉजी नॅसची ऑपरेटिंग सिस्टिम) ७.३ मध्ये सैल केलं. त्यामुळे नवा डबा सुरू करताना थेट ७.३ किंवा त्यापुढची आवृत्ती टाका.

आता आपल्या भाषेची खास गोची. कॉपी ९० टक्क्यांपर्यंत जाते आणि काही फोल्डर मागेच राहतात. 'आजीच्या पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमातले सगळे फोटो संध्याकाळचे' हे नाव सहाच शब्दांचं, पण देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त तीन-तीन बाइट खातो. नाव होतं १७० बाइटचं. सिनॉलॉजीच्या एन्क्रिप्ट केलेल्या (पासवर्डने कुलूपबंद) शेअर्ड फोल्डरमध्ये मर्यादा १४३ ची आहे. एकतर नावं छाटा, नाहीतर फोल्डरऐवजी अख्खा व्हॉल्यूम (डिस्कवरची सगळी साठवणजागा) एन्क्रिप्ट करा. ती सोय डीएसएम ७.२ पासून काही मॉडेलवर आहे.

सगळं पार पडल्यावर घरातून हाक येते, 'टीव्हीवर काहीच दिसत नाहीये!' नव्या नॅसला राउटरने नवा आयपी दिलेला असतो आणि टीव्ही जुन्याच पत्त्यावर दार वाजवत बसतो. राउटरमध्ये नॅसचा आयपी कायमचा राखून ठेवा. तरीही दिसत नसेल आणि टीव्ही फारच जुना असेल, तर त्याला फक्त एसएमबी१ (नेटवर्कवर फाइल उघडायची जुनी पद्धत) येत असणार, जे नव्या नॅसवर बंद असतं. ते चालू करू नका, धोक्याचं आहे. डीएलएनए (टीव्हीवर फोटो-व्हिडिओ दाखवायची पद्धत) वापरा.

यूपीएस असेल तर त्याची यूएसबी वायर नव्या नॅसला जोडायला विसरू नका. ती बहुतेक वेळा जुन्यालाच लटकलेली राहते. जुना नॅस महिनाभर तसाच बंद करून ठेवा. या महिन्यात अधूनमधून पाच-दहा फाइल उघडून बघा, २०१० च्या आसपासचे फोटो आधी. मग तो भावाकडे किंवा गावी नेऊन लावा आणि रोज रात्री नव्याची प्रत तिकडे जाऊ द्या.