स्ट्रेटनर परदेशी नेताना आधी मुठीवरची ओळ वाचा

रत्नागिरीत माझं पार्लर आहे. लेकीच्या बाळंतपणाला कोणी मस्कतला निघते, कोणी अमेरिकेला, आणि जाण्याआधी विचारते, "ताई, स्ट्रेटनर नेऊ ना? अ‍ॅडॉप्टर घेतलाय." अ‍ॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, वीज बदलत नाही. 'अ‍ॅडॉप्टर असला की सगळीकडे चालतं' हे ऐकलं की मला रागच येतो.

आधी स्ट्रेटनरच्या मुठीवरची बारीक अक्षरं वाचा. दिसत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. '१००-२४० व्होल्ट' लिहिलेलं असेल तर निर्धास्त न्या. '२२०-२४०' एवढंच असेल तर आखात, इंग्लंड, युरोप, सिंगापूरला चालेल. अमेरिका, कॅनडा, जपानला नाही. अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, जपानात १००.

मी हे न पाहता न्यू जर्सीला भाचीच्या लग्नाला गेले होते. नवरी आरशासमोर बसलेली आणि माझा स्ट्रेटनर कोमट. वीस मिनिटं वाट पाहिली, तरी कोमटच. व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता निम्मी होत नाही, पाव होते. शेवटी पिना लावून अंबाडा घातला.

उलटं झालं तर जास्त वाईट. तीच भाची गणपतीला तिकडचा ड्रायर घेऊन आली आणि पिन बदलून तिने तो आमच्याकडे लावला. १२० व्होल्टच्या ड्रायरला २३० मिळाले की साडेतीन पटींहून जास्त उष्णता तयार होते. काही सेकंदांत फट् असा आवाज आला आणि जळका वास सुटला. केसांजवळ धरलेला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला आजही धडकी भरते.

यावर दुकानदार कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज बदलणारं यंत्र, सुचवतात. घेऊ नका. हलका, स्वस्त कन्व्हर्टर डिजिटल आकडे दाखवणाऱ्या स्ट्रेटनरचं सर्किट बिघडवतो, आणि ड्रायर पेलेल असा खरा ट्रान्सफॉर्मर बॅगेतले कितीतरी किलो खातो. ते वजन आंबापोळी आणि कोकमासाठी ठेवा. ड्रायर तिकडचाच वापरा आणि स्ट्रेटनर १००-२४० चा घ्या. बुडाशी व्होल्टेजचा खटका असलेला प्रवासी ड्रायर असेल, तर पिन लावण्याआधी खटका तिकडच्या व्होल्टेजवर फिरवा.

पिना सोप्या आहेत: दुबई, मस्कत, कुवेत आणि इंग्लंडला तीन चौकोनी, अमेरिकेला दोन चपट्या, युरोपला दोन गोल.

आपल्या खाऱ्या हवेने पितळी पिना काळ्या पडतात आणि अशा पिना तापतात. निघण्याआधी सुक्या फडक्याने घासून घ्या. हॉटेलच्या बाथरूममधलं दाढीच्या यंत्राचं सॉकेट ड्रायर-स्ट्रेटनरला लावू नका, ते तेवढा भार पेलत नाही. बॅटरीवरचा स्ट्रेटनर न्यायचा असेल तर विमान कंपनीला आधी विचारा.

परतीच्या दिवशी केस आधी करा, बॅग मग भरा. स्ट्रेटनर निवायला अर्धा तास तरी द्या.