पोटात स्टेपलर चालवताना: रंग, दाब आणि घडी

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नव्याने उभे राहणाऱ्यांसाठी हे. स्टेपलर म्हणजे शस्त्रक्रियेत जबड्यात ऊती धरून पिनांनी जोडणारे आणि पात्याने कापणारे यंत्र.

आधी ऊतीची जाडी, मग कार्ट्रिज, म्हणजे स्टेपलरमध्ये भरायचा पिनांचा संच. पिनेची उंची साधारणपणे अशी: पांढरी 2.5 मिमीची, मिटल्यावर 1, निळी 3.5 ची, मिटून 1.5, हिरवी 4.1 ची, मिटून 2. रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून वेष्टणावरचा आकडा मोठ्याने वाचा. जठराचा खालचा भाग जाड, तिथे सहसा हिरवी. जाड ऊतीवर निळी लावली की पिना इंग्रजी ‘B’ अक्षराच्या आकारात मिटत नाहीत, गळती होते. पातळ ऊतीवर हिरवी लावली तर रक्त झिरपते. मुद्दाम घडी घातली असेल तर दोन्ही थरांची जाडी धरा. इथे चुका होतात.

स्टेपलरचा जबडा मिटण्याआधी भूलतज्ज्ञांना विचारा: नाकातून जठरात घातलेली नळी मागे घेतली का? जबड्यात आधी लावलेली धातूची क्लिप सापडली तर पाते अडकते.

जबडा मिटून निदान 15 सेकंद थांबा. दाबाने ऊतीतले पाणी बाजूला सरते, पिना नीट बसतात. डागल्यावर, म्हणजे पिना मारून झाल्यावर, जबड्यातल्या सैल पिना सलाइनमध्ये धुऊन काढूनच पुढची कार्ट्रिज भरा.

माल बेळगावहून येत असेल तर प्रत्येक रंगाची एक जादा कार्ट्रिज आधीच आणून ठेवा. पाकीट मात्र मागितल्यावरच फोडा.